वजा चारची कृपा

प्रत्येक कंपनीत एक एक्सेल फाइल अशी असते, जिच्यावर सगळा कारभार चालतो आणि जिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आमच्याकडे ती अकाउंट्समध्ये आहे. तिच्यातला मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप उरकणारा प्रोग्राम, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला. जाताना कोडमध्ये रोमन लिपीत एक सूचना ठेवून गेला, 'हे काढू नये'. रोमनमध्ये का, तर मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाकली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. नेमकं काय काढू नये, हे रोमनमध्येही लिहिलेलं नाही. त्यामुळे आम्ही काहीच काढत नाही.

माझ्या गळ्यात पडलेलं काम ऐकायला किरकोळ होतं. पुरवठादारांची बिलं आता नव्या सिस्टिममध्ये असतात, ती सी शार्प नावाच्या भाषेत लिहिलेली. तिथून बिलांचा गठ्ठा उचलायचा आणि मॅक्रोच्या हातात ठेवायचा. साहेब म्हणाले, "लिस्टच तर द्यायचीय. संध्याकाळपर्यंत होईल ना?" आमचे साहेब मुळात मार्केटिंगचे.

एकटं बिल बिनबोभाट पलीकडे जातं. सिस्टिम आणि मॅक्रो या दोघांच्या मध्ये कॉम, म्हणजे एका प्रोग्रामच्या वस्तू दुसऱ्याला पोचवणारा मायक्रोसॉफ्टचा मध्यस्थ, बसलेला असतो, 1993 सालापासून, आणि एकेक ऑब्जेक्ट तो मुकाट्यानं पोचवतो. घोडं पेंड खातं ते गठ्ठ्यापाशी. सी शार्प जिच्यावर चालते त्या डॉटनेटमधली आमची लिस्ट जेनेरिक, म्हणजे आत कुठल्या टाइपच्या, प्रकारच्या, वस्तू हे आधीच ठरवून दिलेली. हे जेनेरिक प्रकरण आलं 2005 साली. कॉमला त्याची दखल घ्यायची तेव्हाही गरज वाटली नाही, आजही वाटत नाही. तो ओरडतसुद्धा नाही. अशी काही वस्तू आपल्यासमोर आहे हेच त्याला मान्य नाही.

मग म्हटलं, साधा ॲरे देऊ, म्हणजे ओळीनं क्रमांक लावून ठेवलेल्या वस्तू. मॅक्रोनं तो घेतला. पण रात्री स्मरणपत्रांचे मेल पाठवणारी एक व्हीबीस्क्रिप्ट आहे, व्हीबीएच्या चुलत भाषेत लिहिलेली, तिलाही तोच गठ्ठा हवा होता. तिला स्ट्रिंगांचा, म्हणजे नुसत्या मजकुराचा, ॲरे दिला. 'यूबाउंड' विचारलं तर शेवटचा क्रमांक बरोबर सांगते. त्यातलं एक नाव दाखव म्हटलं, की 'टाइप मिसमॅच', प्रकार जुळत नाही. रेशन दुकानदार कार्डावर माणसं किती ते खणखणीत वाचून दाखवतो आणि धान्य मागितलं की "थंब लागत नाही" म्हणतो, त्यातली गत. व्हीबीस्क्रिप्टला ॲरे फक्त व्हेरियंटांचा चालतो. म्हणजे आत काय आहे हे आधी कुणाला सांगायचं नाही, तरच ती उघडून बघते. सी शार्पमध्ये प्रत्येक गोष्टीचा टाइप सांगायची सवय लावून घेतलेल्या माणसाला हे फार लागतं.

शेवटी गठ्ठ्यासाठी स्वतःचा क्लास, म्हणजे साचा, लिहिला. त्यात किती ते सांगणारा 'काउंट', त्यात हवी ती वस्तू देणारा 'आयटम'. आता 'फॉर ईच', म्हणजे गठ्ठ्यातली एकेक वस्तू घेत जाणारी आज्ञा, चालायला हरकत नव्हती. चाललं नाही. त्रुटी क्रमांक 438, म्हणजे या ऑब्जेक्टला हे जमत नाही. आणि इथे गाठ पडते वजा चारशी. कॉमच्या दरबारात काही क्रमांक राखीव आहेत. शून्य म्हणजे डीफॉल्ट प्रॉपर्टी, नाव न घेता मागितलं तरी मिळणारी. वजा चार म्हणजे 'या गठ्ठ्यातून एकेक वस्तू काढून देणारा मीच'. हे काम करणाऱ्या मेथडचं नाव काहीही ठेवा, कपाळावर वजा चार नसेल तर 'फॉर ईच' ओळख दाखवत नाही. सी शार्पमध्ये निदान हा आकडा उघड लिहिता येतो. व्हीबीएमध्ये असाच क्लास करायचा तर तो फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायचा, नोटपॅडमध्ये उघडून वजा चारची ओळ घालायची आणि पुन्हा आत आणायचा. आत आल्यावर ती ओळ एडिटरमध्ये दिसत नाही! असते, पण दिसत नाही. यापुढे कुणी मला श्रद्धेविषयी शिकवू नये.

मग शून्य-एकचा वाद. व्हीबीएचं कलेक्शन एकपासून मोजतं, आमची लिस्ट शून्यापासून. टीममधला एक नवा मुलगा म्हणाला, "मॅम, शून्यच शास्त्रशुद्ध आहे." मी त्याला अकाउंट्समधल्या काकांकडे पाठवला. तो परत आला तेव्हा एकच्या बाजूनं बोलत होता. काकांनी म्हणे एवढंच विचारलं होतं, "शून्य नंबरचं व्हाउचर दाखव."

माझ्या मशीनवर सगळं चालायला लागलं आणि काकांच्या मशीनवर 429 आला, ऑब्जेक्ट तयारच होत नाही. कारण त्यांचं एक्सेल 32 बिटचं आणि विंडोजमध्ये नोंदणी करणाऱ्या आमच्या माणसानं लायब्ररी, म्हणजे तो क्लास असलेली फाइल, नोंदवली 64 बिटच्या दारात. दोन्हीकडे नोंदवायच्या प्रोग्रामचं नाव एकच, रेगॲझम, फक्त फोल्डर निराळे. एकाच नावाचे दोन तलाठी असावेत आणि आपला सातबारा दुसऱ्याकडे निघावा. हे निस्तरायला लागलेला वेळ मी टाइमशीटमध्ये 'समन्वय' या सदरात टाकला.

एवढं होईस्तोवर साहेबांनी कुठेतरी वाचलं की व्हीबीस्क्रिप्ट बंद होणार. खरंच आहे ते. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलं आणि पुढे वेळापत्रकही दिलं, की 2027 च्या सुमारास ती विंडोजमध्ये आपोआप चालू राहणार नाही. साहेबांनी 'तातडीचे' असा मथळा देऊन मीटिंग लावली. काकांनाही बोलावलं. मी सगळं समजावून सांगितलं, व्हीबीए वेगळं, व्हीबीस्क्रिप्ट वेगळी, मॅक्रोला धक्का नाही, पण रात्रीचे मेल नव्यानं लिहावे लागतील.

काकांनी डायरी काढली, चष्मा वर सरकवला. "साल काय म्हणालीस?"

"2027, काका."

"मग हरकत नाही," डायरी मिटत ते म्हणाले. "मी 2026 च्या मार्चएंडला रिटायर होतोय. त्यानंतर तू आणि तुझे ते वजा चार, काय ते बघून घ्या."