पकिप्सीचा पूल जळून खाक झाला नव्हता

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवर असलेल्या पकिप्सी गावच्या जुन्या रेल्वेपुलाबद्दल एक मजकूर सध्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘1889 सालचा पूल 1974 मध्ये जळून खाक झाला, म्हणून रेल्वे बंद पडली. मूळ सांगाडा इतका भक्कम, की त्याला कधी हात लावावा लागला नाही. अमेरिकी सरकारने लगेच त्याचा जगातला सर्वांत लांब पादचारी पूल केला.’ मी या पुलावर जवळजवळ रोज चालते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी आगीचं. 8 मे 1974 ला आग लागली हे खरं. गाडीच्या ब्रेकची ठिणगी पडली असावी, असं मानलं जातं. जळालं ते लाकूड: सुमारे 700 फुटांच्या पट्ट्यातले स्लीपर (रुळांखालचे लाकडी ओंडके) आणि फळ्या. पूल 6,768 फूट लांब आहे, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. पोलादी सांगाडा उभाच राहिला.

मग रेल्वे का बंद पडली? पूल ज्या पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीकडे होता, तिचं 1970 मध्येच दिवाळं वाजलं होतं. दुरुस्तीवर पैसे घालायला कुणी तयार नव्हतं. 1976 मध्ये तिच्या जागी कॉनरेल ही रेल्वे कंपनी आली, तिनेही हा मार्ग पुन्हा सुरू केला नाही. आग निमित्त ठरली, एवढंच.

‘हात लावावा लागला नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण या पुलाचा अर्धा इतिहास डागडुजीचाच आहे. मुळात पूल बांधण्याचं काम 1873 मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या आर्थिक मंदीत ठप्प झालं. 1876 मध्ये दुसऱ्या कंपनीने हातात घेतलं, तेही दोन वर्षांत थांबलं. अखेर 1886 मध्ये तिसऱ्यांदा सुरुवात झाली आणि 1889 च्या 1 जानेवारीला पूल खुला झाला. इंजिनं आणि मालगाड्या जड होत गेल्या तसा तो अपुरा पडू लागला. 1906-07 मध्ये अभियंते राल्फ मोजेस्की यांच्या आराखड्यानुसार दोन ट्रसच्या (भार पेलणाऱ्या पोलादी जाळीदार सांगाड्यांच्या) मधोमध तिसरा ट्रस बसवला. 1918 मध्ये दोन्ही रूळमार्ग एकमेकांत गुंफून मध्यावर आणले, म्हणजे एका वेळी एकच गाडी जाणार. 1958 मध्ये तर एकच मार्ग ठेवला. आज पायाखाली आहेत ते काँक्रीटचे नवे स्लॅब. दोन स्लॅबांमधल्या सांध्यावरून सायकल गेली की ‘टक्’ असा आवाज येतो, तो या नव्या पृष्ठभागाचा. जुनं लोखंड बघायचं तर नदीकाठी उतरून मान वर करावी लागते. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: नदीतल्या खांबांचे पाये लाकडी ओंडक्यांच्या अवाढव्य पेट्या बुडवून, त्यांत काँक्रीट भरून केलेले आहेत. वरचं लाकूड जळालं, पाण्याखालचं अजून भार पेलतं आहे.

आता ‘सरकारने लगेच’. आग 1974 ची, पायवाट 3 ऑक्टोबर 2009 ची. मधली 35 वर्षं कुठे गेली? 1984 मध्ये कॉनरेलने अख्खा पूल एका डॉलरला एका खासगी माणसाला विकून टाकला. 1992 मध्ये काही स्थानिक रहिवाशांनी ‘वॉकवे ओव्हर द हडसन’ ही संस्था काढली, 1998 मध्ये पूल तिच्या मालकीचा झाला. सरकारी निधी आला, डायसन फाउंडेशनसारख्या संस्थेनेही भक्कम मदत केली. एकूण खर्च सुमारे 3 कोटी 88 लाख डॉलर. आज न्यूयॉर्क राज्याचं उद्यान खातं तो सांभाळतं आणि चांगलं सांभाळतं. पण आधी हट्ट धरला तो गावकऱ्यांनी. त्यांचं श्रेय परस्पर सरकारच्या नावावर लिहिलेलं मला सहन होत नाही.

‘जगातला सर्वांत लांब’ हा दावा ‘पादचारी पूल’ कशाला म्हणायचं यावर अवलंबून आहे, आणि त्याला आव्हान देणारे इतर पूल आहेत. ते सोडून देऊ. 212 फुटांवर उभं राहून पूर्व काठाने न्यूयॉर्ककडे निघालेली लोकल आणि पश्चिम काठाने सरकणारी लांबलचक मालगाडी एकाच वेळी खाली दिसते, तेव्हा लांबीचा विक्रम कुणाच्या लक्षातही राहत नाही.

हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ‘लगेच’ हा शब्द खोडा आणि तिथे 1992 मध्ये एकत्र आलेल्या त्या रहिवाशांचा उल्लेख करा.