रिलीफ व्हॉल्व्हखाली वॉशर टाकू नका: ‘मिनी ट्रॅक्टरचा जेसीबी’ या मेसेजला उत्तर

इंदूर, सांवेर, देपालपूरकडच्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे, सोबत व्हिडिओही आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मिनी ट्रॅक्टर २७ एचपीचा असेल तर हायड्रॉलिकलाही २७ एचपी मिळतात, म्हणून मागे दोन पाइप जोडले की बॅकहो (चर खणायचा बादलीवाला हात), खड्डे पाडायचं ऑगर, लाकूड फोडायचं मशिन, काहीही चालतं. हळू चाललं तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तेल परत सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली दोन वॉशर टाका, ताकद दुप्पट. तेल कुठलंही चालतं, वापरलेलं इंजिन ऑइलसुद्धा. गळती शोधायची असेल तर इंजिन चालू ठेवून पाइपावरून हात फिरवा. आणि शेवटी, कंपन्या हे मुद्दाम लपवतात.

परवा हा मेसेज माझ्या आतेभावाकडे पोचला. त्याची देपालपूरकडे बटाटा-लसणाची शेती आहे, छोटा ट्रॅक्टर आहे, आणि पाइपलाइनचा चर खणायचा म्हटलं की दर वेळी जेसीबीवाल्याच्या मागे लागावं लागतं. त्याने मला फोनवर एवढंच विचारलं, ‘‘दादा, वॉशर किती जाडीचे टाकायचे?’’ म्हणजे बाकी सगळं त्याला पटूनही झालं होतं. हायड्रॉलिक पाइप आणि सिलिंडर दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे घरातल्या माणसाकडून हा प्रश्न ऐकून माझं डोकं फिरलं. त्याला फोनवर सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो.

सगळ्यात आधी हात फिरवण्याबद्दल, कारण बाकीच्या सल्ल्यांनी ट्रॅक्टर जाईल, याने माणसाचा हात जाईल. कातडी भेदायला साधारण १०० पीएसआय, म्हणजे जेमतेम ७ बार प्रेशर पुरतं. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक चालतं दीडशे बारच्या वर. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर त्यातून निघणारी तेलाची धार कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही, आणि तुम्ही बोट तिच्यासमोर नेलंत की ती सरळ आत शिरते. हातमोजा तिला अडवत नाही. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि इथेच घात होतो. माणूस हळद लावतो, चिंधी बांधतो आणि कामाला लागतो. तेवढ्यात तेल बोटातून तळहाताकडे, स्नायूबंधांच्या आवरणातून पसरत जातं. हात सुजतो, रक्तपुरवठा अडतो, आतला भाग मरायला लागतो. ट्रॅक्टर कंपन्या हे लपवतात म्हणे! देवासला ज्यांचा कारखाना आहे त्या जॉन डीअरच्या मॅन्युअलांमध्ये हा इशारा ठळक छापलेला असतो: कातडीत शिरलेलं तेल काही तासांत ऑपरेशन करून काढावं लागतं, नाहीतर गँगरीन होऊ शकतो. मॅन्युअल कव्हरसकट कपाटात पडून राहतं आणि आपण व्हिडिओवर विश्वास ठेवतो.

गळती बघायची पद्धत साधी आहे. डोळ्यांना चष्मा लावायचा, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा धरून पाइपाच्या बाजूने फिरवायचा, पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटला की जागा कळते. पाइप किंवा कपलर खोलायचा असेल तेव्हा अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून अडकलेलं प्रेशर सोडायचं, मगच पाना लावायचा. आणि कुणाला धार लागलीच तर दुखायची वाट बघू नका. सरळ इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला किंवा जिथे हाताची सर्जरी होते तिथे न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की हाय प्रेशरचं तेल आत गेलं आहे. तेलाचा डबाही सोबत न्या. हे सांगितलं नाही तर वरून ते किरकोळ भोकच दिसतं.

आता ते २७ एचपी. हायड्रॉलिकची ताकद दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते: पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो आणि किती बारला देतो. लिटर गुणिले बार, भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. छोट्या ट्रॅक्टरांचे पंप बहुतेक १५ ते २५ लिटरच्या घरातले. २० लिटर आणि १६० बार धरा. ३२०० भागिले ६००, म्हणजे ५.३ किलोवॅट, एचपीत सांगायचं तर सात-सव्वासात. इंजिन २७ चं असो की ५० चं, त्या छोट्या गिअर पंपातून यापेक्षा जास्त बाहेर येणार नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. आपल्याच राज्यात, नर्मदेकाठी, नर्मदापुरमच्या (पूर्वीच्या होशंगाबादच्या) समोर बुधनी आहे. तिथली केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था १९५५ साली ट्रॅक्टर ट्रेनिंग सेंटर म्हणून सुरू झाली, आणि देशात विकले जाणारे ट्रॅक्टर ती तपासते. तिच्या चाचणी अहवालांत हायड्रॉलिकचा वेगळा भाग असतो: पंपाचा लिटरचा आकडा, रिलीफ व्हॉल्व्ह किती बारला उघडतो, आणि जास्तीत जास्त हायड्रॉलिक पॉवर किती किलोवॅट. तुमच्या मॉडेलचा अहवाल काढा आणि ती पॉवर इंजिनच्या पॉवरशेजारी ठेवून बघा. अवजार विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्नही तोच: याला किती लिटर आणि किती बार लागतात? ‘सगळ्याला चालतं’ असं उत्तर आलं तर तिथून निघा.

लिटर कमी पडले की काय होतं ते हिशेबानेच कळतं. ८० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ६०० मिलिमीटर स्ट्रोकचा (दांडा सरकतो त्या लांबीचा) सिलिंडर भरायला ३ लिटर तेल लागतं. मिनिटाला १८ लिटर येत असतील तर एका स्ट्रोकला १० सेकंद. बॅकहोला बूम, आर्म, बादली आणि वळण असे चार हात हलवायचे असतात. चर खणला जाईल, पण जेसीबीच्या वेगाची आशा ठेवून कर्ज काढू नका.

आणि ‘हळू चालतं’ यावरचा उपाय म्हणून वॉशर! वॉशरने स्प्रिंग दाबली जाते, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, प्रेशर वाढतं. लिटर तेवढेच राहतात. सिलिंडर हळू चालतो तो लिटर कमी म्हणून, त्यामुळे दोन काय, चार वॉशर टाकलेत तरी तो एका सेकंदाने लवकर पोचणार नाही. उलट जास्त प्रेशरला पंपातली आतली गळती वाढते, म्हणजे थोडा मंदच होईल. जोर वाढेल हे खरं, पण तो झेलणार कोण? एका तारेच्या जाळीचा अर्ध्या इंची होज १६० बारला चालवायचा असतो. दोन जाळ्यांचा २७५ ला. बाजारात पाइप बांधून घेताना किती जण जाळ्या विचारतात? पुन्हा अनेक छोट्या ट्रॅक्टरांत तोच रिलीफ व्हॉल्व्ह मागच्या लिफ्टचं घरही वाचवत असतो. ते बिडाचं घर तडकलं की ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो, आणि तो खर्च वॉशर सुचवणारा देत नाही.

दोन पाइपांचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. एक सिलिंडर असलेलं अवजार, म्हणजे लाकूड फोडायचं मशिन किंवा टिपिंग ट्रॉली, छोट्या ट्रॅक्टरच्या डीसीव्हीवर (तेल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या लिव्हरच्या व्हॉल्व्हवर) व्यवस्थित चालतं, घाई नसेल तर छानच चालतं. पण ट्रॉलीचा जॅक तेल घेतो ते ट्रॅक्टरच्याच पोटातून. १०० मिलिमीटरचा, मीटरभर स्ट्रोकचा जॅक पूर्ण वर गेला की पावणेआठ लिटर तेल बाहेर. त्या वेळी गिअरबॉक्समध्ये काय उरलं ते मॅन्युअलातला आकडा बघून आधीच ठरवा.

शिवाय व्हॉल्व्हचा प्रकार जुळावा लागतो. छोट्या ट्रॅक्टरांत बहुतेक वेळा पंप सतत तेल ढकलत असतो आणि लिव्हर मध्ये असताना ते तेल मोकळं परतलं पाहिजे. भंगारातून आणलेला, मध्यभागी बंद होणारा व्हॉल्व्ह लावलात तर सगळं तेल रिलीफवरून जाणार आणि वर काढलेले ५ किलोवॅट नुसती उष्णता होणार. दोन-अडीच गिझर तेलात सोडल्यासारखं. २५ लिटर तेल असेल आणि सगळी उष्णता त्यातच राहिली तर मिनिटाला सात अंशांच्या आसपास तापेल. मग सीलं कडक होतात, पंप गातो, आणि लोक म्हणतात अवजार खराब निघालं. लिव्हर दोरीने बांधून ऑगरची मोटर फिरवत ठेवणाऱ्यांचंही अडकली मोटर की हेच होतं.

तेलाबद्दल फार लिहीत नाही. या ट्रॅक्टरांत बहुधा गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक, तिघांना एकच तेल असतं. जळकं इंजिन ऑइल टाकलंत तर ब्रेकसुद्धा खराब होतील. डब्यावरचा ग्रेड मॅन्युअलाशी जुळवा, बस.

व्हिडिओत बॅकहो नुसता थ्री-पॉइंटच्या, म्हणजे मागच्या लिफ्टच्या, तीन पिनांवर टांगलेला दिसतो. असा बॅकहो बादली अडकल्यावर उलटा वर उचलला जाऊ शकतो, कारण लिफ्ट वर उचलते, खाली दाबून धरत नाही. मधे कोण बसलेलं असतं? चालवणारा, सीट आणि लिव्हरच्या मध्ये. बॅकहोला चेसिसला धरणारी वेगळी फ्रेम लागतेच.

आतेभावाला सांगितलं ते असं. बॅकहो हवाच असेल तर फ्रेमसकट, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा वेगळा पंप आणि वेगळी टाकी असलेला घे. २७ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर २२-२३ एचपी मिळतात, ते वापर. टाकी पंपाच्या मिनिटाच्या लिटरांच्या किमान दीड-दोन पट असू दे, परतीच्या पाइपावर फिल्टर असू दे. आणि वर्षातून दोन चरांसाठी एवढा पैसा घालायचा नसेल तर शेजारच्या तिघा-चौघांनी मिळून एकाच दिवशी जेसीबी बोलवा.

ज्यांनी वॉशर आधीच टाकले आहेत त्यांनी ते काढा. मग टेस्ट पोर्टला ४०० बारचा गेज लावा, तेल गरम होऊ द्या, लिव्हर सिलिंडरच्या टोकापर्यंत क्षणभर धरा आणि आकडा मॅन्युअलाशी ताडून बघा. जुळत नसेल तर तोवर ट्रॅक्टरला कुठलंही हायड्रॉलिक अवजार जोडू नका, आणि वॉशर असताना जे पाइप वापरले गेले ते हाताने न चाचपता बदलून टाका.