अंकाऱ्यातलं ‘बर्णबाचं शुभवर्तमान’: एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

संदेश थोडक्यात असा आहे: तुर्कस्तानात दीड हजार वर्षांपूर्वीचं बायबल सापडलं. ते येशूंचा शिष्य बर्णबा याने लिहिलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूंचं चरित्र आणि शिकवण सांगणारं पुस्तक आहे. येशूंना क्रुसावर चढवलंच नाही, त्यांच्या जागी त्यांना पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत मारला गेला आणि येशूंनी मुहंमद पैगंबरांच्या आगमनाची भविष्यवाणी केली, असं त्यात लिहिलंय. ३२५ साली निकाया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेत चर्चने हे पुस्तक दडपलं आणि आता व्हॅटिकन हादरलंय. खाली काळपट चामड्यावर सोनेरी अक्षरं असलेला फोटो. २०१२ मध्ये ही बातमी जगभर पसरली. मराठीतही ती ‘सत्य बाहेर आलं’ अशा मथळ्याखाली अजून फिरते आहे.

येशूंबद्दल इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्यात खरा, जुना आणि गंभीर मतभेद आहे. तो मांडायला बनावट पुस्तकाची गरज नाही. असं पुस्तक पुढे केल्याने खुद्द कुराणाचीच बाजू अडचणीत येते. संदेश पुढे पाठवणाऱ्या श्रद्धाळू मुसलमानांनी तरी हे उत्तर शेवटपर्यंत वाचावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची खातरजमा करा, असं कुराणच सांगतं (४९:६).

‘तुर्कस्तानात दीड हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक सापडलं.’ एक पुस्तक सापडलं, एवढं खरं. २००० साली चोरट्या व्यापारावरच्या कारवाईत ते जप्त झालं आणि पुढे अंकाऱ्याच्या वांशिक संग्रहालयाकडे गेलं. लिपी सुरियानी, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींची. पण फोटोत दिसणारी ओळ सुरियानी जाणणाऱ्यांनी वाचली, तेव्हा तिचा अर्थ निघाला तो असा: निनवे इथल्या मठातल्या संन्याशांनी प्रभूच्या १५००व्या वर्षी हे लिहिलं. १५०० हा पुस्तकावर घातलेला सनाचा आकडा आहे, वयाचा नाही. तो सन खरा मानला तरी पुस्तक पाचशे वर्षांपलीकडे जात नाही. त्या एका ओळीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत, म्हणून तेवढं वयसुद्धा संशयास्पद ठरतं. आणि आतला मजकूर बर्णबाचा आहे हे दाखवणारं पान कोणी छापून पुढे ठेवलेलं नाही. यहूदा क्रुसावर गेल्याची जी कथा संदेशात सांगितली जाते, ती अंकाऱ्याच्या पुस्तकातली नाही. ती व्हिएन्नाच्या ग्रंथालयात असलेल्या एका इटालियन हस्तलिखितातली आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९०७ पासून छापील स्वरूपात कोणालाही मिळतो. दडवलेलं असं त्यात काही नाही.

‘ते बर्णबाने लिहिलं.’ बर्णबा हा मूळचा सायप्रसचा, यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीतला मोठा माणूस आणि पौलाचा सोबती. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो भेटतो. बारा शिष्यांत तो नव्हता. व्हिएन्नाच्या हस्तलिखिताचा लेखक मात्र स्वतःला त्या बारांत बसवतो. त्याच्या पुस्तकात येशू गालील समुद्रावर तारवात बसतात आणि नासरेथला येऊन उतरतात. नासरेथ डोंगरात आहे, त्या सरोवरापासून पंचवीसेक किलोमीटर आत. तिथे कुठलंही तारू लागू शकत नाही. येशूंना पुढे देहदंड देणारा रोमन सुभेदार पिलात त्यांच्या जन्माच्या वेळीच सुभेदार होता, असंही हा लेखक लिहितो. पिलात त्या पदावर आला इसवी सन २६ मध्ये.

पण सगळ्यांत बोलका पुरावा आहे तो योबेल वर्षाचा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे हे मुक्तीचं वर्ष दर पन्नास वर्षांनी येतं. या पुस्तकातले येशू म्हणतात की ते हल्ली शंभर वर्षांनी येतं. पहिल्या शतकातला कोणताही यहुदी असं बोलला नसता. शंभर वर्षांचं योबेल जाहीर केलं पोप आठवे बोनिफेस यांनी, १३०० साली. १३४३ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी ते पुन्हा पन्नासावर आणलं. म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यात चौदाव्या शतकातलं रोम होतं. हस्तलिखित स्वतः त्याहूनही अलीकडचं, साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरचं आहे.

‘निकायाच्या परिषदेने ते दडपलं.’ जे पुस्तक अजून लिहिलंच गेलं नव्हतं ते ३२५ मध्ये दडपणार कसं? पण निकायाबद्दलचा गैरसमज या एका संदेशापुरता नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. त्या परिषदेने बायबलमधली पुस्तकं निवडली नाहीत. तिथे वाद झाला तो आरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवर. पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याने, म्हणजे देवाने, निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, असा तो प्रश्न होता. शिवाय ईस्टरची तारीख ठरली आणि शिस्तीचे वीस नियम झाले. ग्रंथांची यादी त्यांत नाही. आज आहेत तीच नव्या कराराची २७ पुस्तकं अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ मधल्या पत्रात पहिल्यांदा नेमकी दिसतात. आणि येशूंना देव मानणं निकायात मतदानाने सुरू झालं असंही नाही. रोमन सुभेदार प्लिनी ११२च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. ही नोंद निकायाच्या दोनशे वर्षं आधीची, आणि तीही ख्रिस्ती नसलेल्या माणसाची.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका लॅटिन यादीत, चर्चने नाकारलेल्या ग्रंथांत, बर्णबाच्या नावच्या एका शुभवर्तमानाचा उल्लेख येतो. त्या पुस्तकातली एकही ओळ उरलेली नाही, त्यामुळे व्हिएन्नाच्या हस्तलिखिताशी त्याचं नातं जोडायला आधार नाही. ‘बर्णबाचं पत्र’ नावाचा एक खरोखर प्राचीन ग्रंथ मात्र आहे. चौथ्या शतकातल्या सिनाईच्या हस्तलिखितात तो सापडतो, आणि त्यात क्रूस नाकारणं तर सोडाच, क्रुसाचाच महिमा गायलेला आहे.

‘हे पुस्तक कुराणाला दुजोरा देतं.’ देत नाही. कुराण येशूंना मसीह, म्हणजे ईश्वराने अभिषेक केलेला, म्हणतं (३:४५). या पुस्तकात येशू स्वतः आपण मसीह असल्याचं नाकारतात आणि तो मान मुहंमदांना देतात. कुराण मुहंमदांना मसीह कुठेही म्हणत नाही. कुराणात मरियमला प्रसववेदना होतात आणि ती खजुरीच्या खोडाशी येते (१९:२३). इथे प्रसूती वेदनेविना होते. कुराणाचे सात आकाश इथे वेगळ्याच संख्येने येतात. ज्याने कुराण मन लावून वाचलंय, त्याला हे पुस्तक आपलं वाटूच नये.

शिवाय अकराव्या शतकात वारलेले कोर्दोव्हाचे इब्न हज्म आणि १३२८ मध्ये वारलेले दमास्कसचे इब्न तैमिया या दोघांनी ख्रिस्ती मतांचं पानोपानी खंडन केलं. असं पुस्तक त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी ते पहिल्याच पानावर मांडलं असतं. त्यांच्या लिखाणात त्याचा उल्लेखही नाही. आपल्याकडे ते पोचलं युरोपातून. जॉर्ज सेल यांनी १७३४ मध्ये कुराणाच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याची माहिती दिली. १८५४ मध्ये आग्र्याला मिशनरी फांडर यांच्याशी गाजलेला वाद करणारे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी पुढे आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला. १९०८ मध्ये कैरोत अरबी भाषांतर निघालं आणि मग ते सगळीकडे गेलं.

मग लिहिलं कोणी? नाव ठाऊक नाही, पण बऱ्याच अभ्यासकांची नजर स्पेनच्या मोरिस्को लोकांकडे जाते, आणि मला ते पटतं. हे स्पेनचे मुसलमान. ग्रानाडा पडल्यावर १५०० च्या आसपास त्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला. अरबी बोलणं, हमामखान्यात जाणं, पोरांना मुसलमानी नावं ठेवणं हे सगळं गुन्हा ठरलं. पिढ्यानपिढ्या घरात एक आणि चर्चमध्ये एक असं जगून झाल्यावर १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख माणसांना देशाबाहेर काढलं. त्याआधी १५९५ पासून ग्रानाडाजवळच्या टेकडीवर शिशाच्या पत्र्यांवर कोरलेली ‘प्राचीन’ ख्रिस्ती पुस्तकं निघू लागली होती. त्यांतले पहिले ख्रिस्ती चक्क अरब होते. १६८२ मध्ये रोमने ती बनावट ठरवली. बर्णबाच्या या पुस्तकाचा सगळ्यांत जुना ज्ञात उल्लेखही एका मोरिस्कोच्याच लिखाणात आहे, ट्युनिसमध्ये, १६३४ च्या सुमाराचा. ज्यांचा धर्म तलवारीच्या धाकाने हिसकावला, त्यांच्यापैकी कोणीतरी हिसकावणाऱ्यांच्याच प्रेषिताच्या तोंडी आपली श्रद्धा घातली असेल, तर ती लबाडी म्हणून झटकून टाकायला माझं मन धजत नाही. त्या दुःखाचा दस्तऐवज म्हणून हे पुस्तक अमोल आहे. पण ते सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पेनबद्दल सांगतं, पहिल्या शतकातल्या यरुशलेमबद्दल नाही.

‘म्हणून येशू क्रुसावर मेले नाहीत हे सिद्ध झालं.’ कुराण ४:१५७ सांगतं की त्यांनी (यहुद्यांनी) येशूंना मारलं नाही, क्रुसावर चढवलं नाही, त्यांना तसा भास झाला. मुसलमानासाठी ही आयत ईश्वराची वाणी आहे आणि तिचा आधार तोच आहे. इतिहासाची साधनं मात्र दुसरीकडे जातात. ५५ च्या सुमाराला पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त मेला, पुरला गेला, हे मला मिळालेलं तुम्हाला दिलं. टॅसिटस हा ख्रिस्त्यांना तुच्छ लेखणारा रोमन इतिहासकार. ११५ च्या पुढेमागे तो नोंदवतो की ख्रिस्ताला तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला. यहुदी इतिहासकार जोसेफसही पिलाताच्या शिक्षेचा उल्लेख करतो. त्याच्या त्या परिच्छेदात पुढे ख्रिस्ती नकलाकारांनी भर घातली, हे ख्रिस्ती वाचकांनीही मान्य करायला हवं. क्रुसावरच्या मृत्यूबद्दल इतिहासकारांत जवळजवळ एकमत आहे. तिसऱ्या दिवशी येशू उठले, हे मात्र कोणताही रोमन कागद सिद्ध करत नाही. ती ख्रिस्त्यांची श्रद्धा आहे, जशी ४:१५७ ही मुसलमानांची.

या संदेशाला प्रत्युत्तर म्हणून एक उलटा संदेशही येतो. कुराण पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी रचलं गेलं, असं त्यात ठोकून दिलेलं असतं. तोही पुढे पाठवू नका. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या दोन पानांच्या चर्मपत्राची कार्बन चाचणी झाली, तिचा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला. चर्मपत्राचा काळ निघाला ५६८ ते ६४५. चाचणी शाईची नसून चामड्याची आहे, ही मर्यादा धरली तरी दोनशे वर्षांचा तो दावा या दोन पानांपुढे उभा राहणं अवघड आहे.