पोटातलं सेरोटोनिन मेंदूला जात नाही

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपांपासून इंदिरानगरच्या सोसायट्यांपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘शरीरातलं ९५ टक्के सेरोटोनिन पोटात तयार होतं. पोटातल्या चेतापेशी ते बनवून मेंदूला पुरवतात. म्हणून डिप्रेशन हा पोटाचा आजार. रोज सकाळी दही-केळं खा, गोळ्या सुटतील.’

सेरोटोनिन म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं रसायन. मेसेजमधलं पहिलं वाक्य खरं आहे. नव्वद-पंचाण्णव टक्के हा आकडा सर्वमान्य आहे, आणि त्याच्याच जोरावर पुढचं सगळं खपून जातं.

‘चेतापेशी बनवतात.’ बहुतेक सेरोटोनिन चेतापेशी बनवतच नाहीत. ते बनतं आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमाफिन पेशींत. अन्नाचा दाब पडला, काही त्रासदायक रसायन लागलं, की या पेशी ते सोडतात. विट्टोरिओ एर्सपामेर या इटालियन शास्त्रज्ञाला १९३०च्या दशकात हे द्रव्य सापडलं ते याच पेशींमुळे. मेंदूत ते असल्याचं कळायला १९५३ उजाडावं लागलं.

सेरोटोनिन वापरणाऱ्या चेतापेशी आतड्यात आहेत, पण अगदी थोड्या. गिनीपिगच्या लहान आतड्यात स्नायूंच्या दोन थरांमधल्या चेतापेशींच्या जाळ्यात त्या शेकड्यात जेमतेम दोन भरतात. त्यांची जोडणी मात्र बघण्यासारखी आहे. त्यांचे लांब तंतू वर मेंदूकडे जात नाहीत, आतड्यातूनच खाली गुदद्वाराच्या दिशेनं उतरतात. वाटेत ते आपल्याच जातीच्या पुढच्या पेशींना आणि इतर मधल्या चेतापेशींना जोडलेले असतात. काही फांद्या अस्तराखालच्या दुसऱ्या जाळ्यात शिरतात. गंगापूर धरणाच्या कालव्यावर एका गेटवाल्यानं खालच्या गेटवाल्याला निरोप द्यावा, तसं हे काम चालतं. अन्न पुढं सरकवणाऱ्या लाटेचा ताळमेळ राखणं हा त्यांचा उद्योग. तुमच्या मूडशी त्यांना काही देणंघेणं नाही.

अस्तरातल्या पेशी आणि या चेतापेशी सेरोटोनिन बनवायला वेगवेगळी विकरं वापरतात: अस्तरातल्या पेशी टीपीएच-१, चेतापेशी टीपीएच-२. त्यामुळे उंदरांत एकेक बंद करून बघता आलं. चेतापेशींचं बंद केलं तेव्हा आतड्याची चाल मंदावली. अस्तरातलं, म्हणजे बहुतांश साठा, बंद केला तरी चालीत फारसा फरक पडला नाही. मला तरी हे निकाल त्या ९५ टक्क्यांपेक्षा जास्त बोलके वाटतात.

‘मेंदूला पुरवतात.’ नाही. रक्तात आलेलं सेरोटोनिन प्लेटलेट्स उचलून घेतात, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही. मेंदू स्वतःच्या खोडातल्या राफे केंद्रांत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून आपलं आपण बनवतो. टीपीएच-१ नसलेल्या उंदरांच्या मेंदूत ते जवळपास नेहमीइतकंच आढळलं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालंय.

पोटाचे संदेश मेंदूला जातात, हे मात्र मान्य. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हचे बहुतेक तंतू खालून वरच जातात, आणि अस्तरातलं सेरोटोनिन त्यांची टोकं चेतवतं. त्यातून काय होतं, हे किमो घेतलेल्या पेशंटला विचारा. सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधामुळे अस्तरातल्या पेशींतून सेरोटोनिन सुटतं आणि उलट्या सुरू होतात. ऑन्डान्सेट्रॉन हे उलट्यांवरचं औषध नेमका तोच मार्ग अडवतं.

दही-केळं खुशाल खा, मिसळीबरोबर दही तर हवंच. केळ्यात सेरोटोनिन असतंही, इतकं की त्याच्या लघवीतल्या तपासणीआधी केळी बंद करायला सांगतात. मेंदूत मात्र ते पोचत नाही.

राहिल्या गोळ्या. डिप्रेशन म्हणजे निव्वळ सेरोटोनिनची कमतरता, हेही फार ढोबळ आहे. पण म्हणून गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते आणि आजार उलटू शकतो. गोळ्या सुरू केल्यावर सुरुवातीला काहींना मळमळ किंवा जुलाब होतात, कारण यातल्या बऱ्याच गोळ्या आतड्यातल्या सेरोटोनिनवरही काम करतात. हा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो; नाही ओसरला तर डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलून देतात.