खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : होडीतलं प्लाय का काढलं

खानापूरकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सगळ्यांनी वाचली असेलच असं नाही, म्हणून आधी तिचा गाभा सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या जुन्या चौदाफुटी ॲल्युमिनियमच्या होडीचा डेक, म्हणजे उभं राहायची फरशी, बदलल्याचं लिहिलं होतं. वरचा गालिचा सोलला, खालचं प्लाय काढलं, त्या जागी ३ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि त्यावर बसच्या फरशीला घालतात ते व्हायनिल चिकटवलं. तुमचं म्हणणं असं, की बेळगावच्या उद्यमबागेतल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, माणसाला पत्र्याशिवाय दुसरं काय सुचणार! कंपनीने प्लाय घातलं होतं. तसंच चांगलं मरीन प्लाय आणून वर नवा गालिचा टाकला असता तर कमी पैशात भागलं असतं. पत्रा तापतो, वाजतो, पायाखाली लवतो, आणि त्यावरचं व्हायनिल पहिल्याच मे महिन्यात फुगणार. शिवाय तुमच्या पुतण्याच्या तशाच होडीला तुम्ही १८ मिमीचं मरीन प्लाय घालायचं ठरवलंय आणि माझा लेख वाचून तो आता कुरकुर करायला लागलाय.

पुतण्याच्या कुरकुरीची जबाबदारी माझी. बाकीचं एकेक बघू.

तुमचं घराणं लाकडाच्या धंद्यातलं, त्यामुळे राग आला असेल तर समजू शकतो. माझ्या घराची दारं खानापुरी सागवानाचीच आहेत आणि ती मी पत्र्याची करणार नाही. माझी अडचण एवढीच, की ओलं लाकूड ॲल्युमिनियमला टेकून वर्षानुवर्षं बसलं की खालचं ॲल्युमिनियम जातं. लाकूड कुजतं ते दिसतं, ॲल्युमिनियम खाल्लं जातं ते प्लाय उचलेपर्यंत दिसत नाही.

मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचं प्लाय. फिनॉलिक डिंक, ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी थर सुटायचे नाहीत, ही त्याची परीक्षा. डिंकाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या प्लायला कीड आणि बुरशीविरुद्ध औषधही मुरवलेलं असतं, आणि त्या औषधात बहुधा तांब्याचे क्षार असतात : तांबं-क्रोम-आर्सेनिक नाही तर तांबं-क्रोम-बोरॉन. वाळवीसाठी उत्तम. घराच्या कपाटाला, बाथरूमच्या दाराला घाला, डोळे मिटून. पण ॲल्युमिनियमला तांब्याएवढा वैरी क्वचितच. प्लाय ओलं राहिलं की तांबं थोडंथोडं पाण्यात उतरतं, खालच्या ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि जिथे त्याचा कण बसला तिथे एक छोटी बॅटरी चालू होते. तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. ही झीज सगळ्या पृष्ठभागावर सारखी होत नाही, एका ठिपक्यातून आत आत जाते. तळाचा पत्राच मुळात दीड-दोन मिलिमीटरचा, त्याला आरपार व्हायला किती वेळ लागणार?

आता कंपनीने घातलं होतं, त्याचं. माझी होडी अमेरिकन बनावटीची, गोव्याहून चोर्ल्याच्या घाटातून टेम्पोत आलेली. त्या काळच्या बऱ्याच होड्यांत तिकडे तांबं-क्रोम-आर्सेनिकचं प्लाय घालत. आर्सेनिकमुळे २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून ते औषध मागे घेतलं गेलं. त्याच्या जागी जी नवी औषधं आली त्यांत आर्सेनिक नव्हतं, पण तांबं आधीपेक्षा जास्त होतं. मग ती औषधं बनवणाऱ्यांनीच सांगायला सुरुवात केली, की हे लाकूड ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका. तेव्हा कंपनीने घातलं म्हणून आपणही घालावं हे मला पटत नाही. होडी विकताना कंपनीसमोर तिची पहिली काही वर्षं असतात. माझ्यासमोर पुढची आहेत.

प्लाय उचलल्यावर रिबांवर, म्हणजे डेकला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर, पांढरी भुकटी होती. ती पुसली की खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे. गालिचा जिथे कडेवरून खाली दुमडून स्टेपल मारला होता तिथे सगळ्यात वाईट. स्टेपलही साध्या लोखंडाच्या, गंजून लाल झालेल्या. याचे फोटो मागच्या लेखात आहेत.

आणि हो, तुम्ही थट्टेत लिहिलंत, 'ते प्लाय आमच्याकडे द्यायचं, बंबात तरी घातलं असतं.' असल्या प्लायचं सरपण कृपा करून कुणी करू नका. हिरवट झाक असलेलं जुनं औषधी लाकूड जाळलं तर आर्सेनिक धुरात जातं आणि राखेतही राहतं. आपल्यात ती राख भांडी घासायला, परसातल्या झाडांना जाते. बंबात नको, चुलीत नको, गुऱ्हाळावर तर मुळीच नको.

तांबं नसलेलं प्लाय मिळालं असं धरू. तरीही गालिचा आहेच. ओलसर गालिचा आणि त्याखालचं लाकूड धातूला चिकटून राहिलं की त्या फटीत हवा पोचत नाही. ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की पापुद्रा पुन्हा धरतो, फटीत तो धरत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कापड दोरीवर वाळत नाही, मग ताडपत्रीखाली झाकलेल्या होडीतला गालिचा कुठून वाळणार? त्यात माशांची बुळबुळ, सांडलेलं आमिष, आणि गळ त्याच्या धाग्यांत अडकून बसतात तो ताप वेगळाच.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा पत्रा लवण्याचा, आणि तिथे हिशेब तुमच्याच बाजूने आहे. ३ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला आठ किलोच्या थोडा वर भरतो. साधारण तेवढंच वजन १२ मिमीच्या कोरड्या प्लायचं. म्हणजे वजनाला वजन, पण ताठपणात ते प्लाय पत्र्याच्या जवळजवळ सातपट. तुमचं १८ मिमीचं घेतलं तर ढोबळमानाने वीसपटीच्या वर, आणि वजन दीडपट. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, तिथे धातू-लाकूड असा भेद फारसा उरत नाही. म्हणून प्लाय काढून त्याच रिबांवर नुसता पत्रा टाकला तर तो लवणारच, आणि तसं केलेलं काम बघूनच तुम्ही लिहिलं असेल. मी मधे ॲल्युमिनियमचे अँगल टाकून आधार आठ-नऊ इंचांवर आणले आणि बेंडिंग मशीनवर पत्र्याच्या कडा इंचभर खाली वाकवून घेतल्या. वाकवलेली कड स्वतःच तुळईचं काम करते. आता दोघं पुढच्या टोकावर उभे राहून गळ टाकतात, डेक हलत नाही. पण हे आधार घालायचे नसतील, तेवढी मेहनत नको असेल, तर पत्र्याच्या वाटेला जाऊ नये. हे वाक्य मागच्या लेखातही होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

पत्रा उन्हात वाढतो, हे मात्र प्लायवाल्यांच्या अंगवळणी नसतं. दोन मीटरचा पत्रा, पहाटे थंड आणि दुपारी ४० अंशांनी गरम झाला, तर जवळजवळ दोन मिलिमीटर लांब होतो. चारी बाजूंनी घट्ट रिव्हेट मारले की तो मधे फुगणार नाही तर रिव्हेट ढिले करणार. म्हणून एका टोकाला गोल भोकं आणि बाकीची लांबट. रिव्हेटही बघून घ्यावे लागतात. दुकानात पॉप रिव्हेट मागितले की ॲल्युमिनियमचेच देतात, पण आतली काडी लोखंडाची असते. तिचा तुटलेला तुकडा रिव्हेटच्या पोटात राहतो आणि गंजतो. काडीसुद्धा ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची मागून घ्यायची. जिथे झाकण उघडायचं आहे तिथे स्टेनलेस स्क्रू आणि खाली नायलॉनचा वायसर. गोड्या पाण्यात एवढं पुरतं. कारवारकडे खाऱ्या पाण्यात होडी नेणाऱ्यांनी माझं ऐकू नये, तिथलं गणित वेगळं.

व्हायनिल फुगण्याचं कारण मात्र तुम्ही उलटं धरलंय. प्लायवर चिकटवलेलं व्हायनिल फुगतं ते प्लायमधल्या ओलाव्याची उन्हाने वाफ होऊन वर यायला बघते म्हणून. पत्र्यात वाफ व्हायला पाणीच नाही. पत्र्यावर फुगा येतो तो डिंकातला थिनर उडायच्या आत घाई केली तर. दोन्हीकडे डिंक लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच बसवायचं. आणि त्याआधी पत्रा थिनरने पुसून, खरखरीत घासून, पुन्हा पुसून लगेच डिंक लावायचा. दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही.

तापण्याबद्दल वाद नाही. उघडा पत्रा हिडकल धरणावर एप्रिलमधल्या दुपारी पाय टेकवू देत नाही. फिकट राखाडी व्हायनिलने चटका कमी होतो, जात नाही. काळं किंवा गडद निळं व्हायनिल घेऊन कुणी मला शिव्या देऊ नयेत.

वाजण्याचंही मान्य. पक्कड डेकवर पडली की आवाज थेट पाण्यात जातो आणि मरळ आसपास असेल तर ती थांबत नाही. रिब आणि पत्रा यांच्यामध्ये पॉलिथिन फोमची पट्टी घातल्यावर खडखड गेली, पण गालिच्याची शांतता काही आली नाही. बसायच्या जागेपुढे मी एक सुटी सतरंजी टाकतो. घरी आलं की काढून वाळत घालतो. ते चिकटवलेल्या गालिच्याला जमत नाही.

पैशांचं. पत्रा महाग पडला, हे खरंच. गंमत अशी, की कोल्हापूरच्या डोंगरातलं बॉक्साइट आपल्या बेळगावजवळच्या यमनापूरच्या कारखान्यात येतं, तिथे त्याची ॲल्युमिना भुकटी होते, आणि पत्रा मात्र आपल्याला बाहेरगावाहूनच मागवावा लागतो. पण पत्रा किलोवर घेतला तसा किलोवर विकताही येतो. काढलेलं प्लाय भंगारवाल्याने फुकटही नेलं नाही.

तुम्ही डेकखाली थर्माकोल भरा म्हणालात, त्यावर एकच. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. होडीच्या तळात पेट्रोलचे चार थेंब सांडत नाहीत असं इंजिन मी पाहिलेलं नाही. बंद पेशींचा पॉलिथिन फोम घाला. पण घालाच, काटकसर तिथे नको. ॲल्युमिनियमची होडी पाण्याने भरली की दगडासारखी बुडते. अमेरिकेत २० फुटांच्या आतल्या इंजिनच्या बहुतेक होड्या भरल्या तरी तरंगत राहतील अशी सोय करणं कायद्यानेच सक्तीचं आहे. हिडकल ५१ टीएमसीचं धरण आहे, आणि उन्हाळ्यात पाणी उतरून हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर येतं तेव्हा आसपासचे धोंडेही वर येतात. तळाला कधी काय लागेल सांगता येत नाही.

राहिली पुतण्याची होडी. प्लायच घालायचं असेल तर घाला, फक्त असं घाला. १८ मिमी नको, रिबांमधलं अंतर फार नसेल तर १२ पुरे. दुकानदाराला औषध कोणतं मुरवलंय ते विचारा. तो सांगू शकला नाही तर तांबं आहे असंच समजा. सगळी कापाकापी आणि भोकं आधी करा, नंतर सहाही बाजूंना इपॉक्सी द्या. पाणी पृष्ठभागातून कमी आणि कडांमधून जास्त शिरतं, म्हणून कडांना दोनदा. स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडायचं, म्हणजे स्क्रू लाकडाला लागतच नाही. इपॉक्सी उन्हात पिवळी पडून तडकते, तेव्हा वरून रंग हवा. प्लाय आणि रिब यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी घाला, लाकूड धातूला कुठेच टेकायला नको. वर गालिचा हवाच असेल तर सुटा.

आणि डेक उघडलाच आहे तर मागचा पाट, ज्याला इंजिन लटकतं, तोही तपासा. त्याच्या पोटातही प्लायच असतं, आणि इंजिनच्या बोल्टांच्या भोकांतून त्यात पाणी जातं. बोल्ट काढून भोकात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला, किंवा ओला भुसा बाहेर आला, तर डेकचं काम बाजूला ठेवा आणि आधी तो पाट बदला.