पहिल्या टप्प्याच्या ट्रायलवर सही करण्याआधी

मुलाच्या कॅन्सरवर नव्या औषधाची ट्रायल म्हटली की गोव्यात दोनच सूर कानी पडतात. ‘पोरांवर प्रयोग करतात’ हा एक आणि ‘शेवटची आशा आहे, सही करून मोकळे व्हा’ हा दुसरा. मला दुसरा जास्त घातक वाटतो.

पहिला टप्पा मुख्यतः डोस ठरवण्यासाठी असतो. गाठ आटोक्यात आली तर उत्तमच, पण तशी हमी कोणी देत नाही. औषध मोठ्यांमध्ये आधी तपासलेलं असेल तर मुलांची सुरुवात बहुधा त्यांच्या डोसच्या ८० टक्क्यांवर होते, तीही शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने. उंची ११० सेंमी, वजन १८ किलो असेल तर गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढायचं, ०.७४ चौरस मीटर येतं. मोठ्यांचा डोस चौरस मीटरला १०० मिग्रॅ असेल तर या मुलाला सुमारे ५९ मिग्रॅ. नेहमीच्या पद्धतीत एक डोस तिघांना देतात. पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे औषधाच्या पहिल्या फेरीच्या बहुधा २१ किंवा २८ दिवसांत, कोणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांचा डोस वाढतो. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला की वाढ थांबली. म्हणून आपलं मूल कितव्या पायरीवर येणार हे विचाराच. खालच्या पायरीवर औषध कमी पडू शकतं, वरच्या पायरीवर त्रास वाढतो. असं विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आपल्याकडचा खरा घोळ पहिल्या सायकलमध्येच होतो. मुंबईच्या परळ किंवा नवी मुंबईच्या खारघर इथल्या टाटा कॅन्सर रुग्णालयातून रात्रीच्या गाडीने मूल घरी आणतात, ताप चढतो आणि घरचे पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असताना १०१ फॅरनहाइट ताप ही आणीबाणी असते, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गोळीने ताप उतरतो, जंतू तसेच राहतात. ट्रायलचं कार्ड घेऊन सरळ बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा आणि वाटेतूनच ट्रायलच्या डॉक्टरांना फोन लावा.

ट्रायलची गोळी उलटून पडली तर स्वतःहून दुसरी देऊ नका, डायरीत वेळ लिहा आणि फोन करून विचारा. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांतलं, पपनस सोलून देण्याआधीही विचारा. काही औषधं आतड्यात मोडण्याचं काम ते रोखतं, मग तोच डोस रक्तात जास्त चढतो.

मुलाला विचारल्यासारखं करून पुढे जाणं मला अजिबात मान्य नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी संमती सांगितली आहे, पालकांची सही वेगळी. ट्रायल चालू असताना १८ पूर्ण झाली की त्याने स्वतः नव्याने सही करायची. फॉर्म मराठीत मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत देणं २०१९ च्या औषध-ट्रायल नियमांनी बंधनकारक आहे. मडगाव-मुंबई प्रवासाचे पैसे मिळतीलच असं मात्र नाही, ते फॉर्ममध्ये लिहिलंय का तेवढं सहीआधी बघा.