पिशवीतली बिअर ‘खरी’ नसते? एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला मेलबर्नमधल्या चार मराठी मित्रांनी पाठवला. घरी बिअर करू पाहणाऱ्यांना सावध करण्यासाठी तो लिहिलेला आहे. सांगणं थोडक्यात असं: धान्यापासून बिअर करायची तर तीन भांडी, पंप आणि अख्खा दिवस लागतो. कापडी पिशवीत माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवणं ही पळवाट आहे, त्यात अर्धी साखर चोथ्यातच राहते. पिशवी पिळली की बिअर तुरट होते आणि ती कायम गढूळ राहते. नवख्यानं आधी निदान दहा वेळा डब्यात मिळणाऱ्या माल्टच्या तयार अर्काची बिअर करावी. आणि शेवटी, घरच्या दारूनं डोळे जातात हे विसरू नये.

हे वाचून माझ्या ओळखीच्या दोघांनी बेत रद्द केला. त्यातल्या एकानं तर पिशवी शिवूनही घेतली होती. मी सात वर्षं पिशवीतच बिअर करतो आहे, आणि हा मजकूर लोकांना ज्या गोष्टींची भीती घालतो त्यातल्या बहुतेक मी मोजून पाहिल्या आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी कायद्याचं. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. पुण्या-नाशिककडच्या मंडळींपर्यंत हे पोचलं तर त्यांनी ते माहिती म्हणूनच वाचावं.

आता पहिला मुद्दा, तीन भांड्यांचा. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात. माल्ट म्हणजे तसंच मोड आणून भट्टीत वाळवलेलं सातू (बार्ली). मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. माल्टची भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली की ही विकरं पिठूळ भागाची साखर करतात. हे काम पाणी, तापमान आणि वेळ यांवर चालतं. तीन भांड्यांच्या पद्धतीत एकात पाणी तापतं, दुसऱ्यात भरड भिजते, तिसऱ्यात रस उकळतो. तीन भांडी लागतात कारण रस चोथ्यापासून वेगळा करून वर गरम पाण्यानं चोथा धुवायचा असतो. पिशवीच्या पद्धतीत रस काढून घेण्याऐवजी चोथाच उचलून घेतात. चक्क्यासाठी दही बांधून टांगतो तेव्हा आपण हेच करतो. फरक इतकाच आहे. २००६च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअर करणाऱ्यांनी ही पद्धत रुळवली आणि तिथून ती जगभर गेली.

तेव्हा एक पातेलं पुरतं. गणपतीच्या प्रसादाला आपण जे २० लिटरचं स्टीलचं पातेलं काढतो तेच, आणि त्यात १० लिटर बिअर होते. पिशवीला पडद्याचं पॉलिएस्टरचं झिरझिरीत कापड घ्यायचं, पातेल्याच्या काठावर उलटी दुमडता येईल एवढी मोठी शिवायची. तळाला एक चाळणी किंवा उलटी ताटली ठेवा. माझ्या दुसऱ्याच वेळी पिशवी खाली टेकली, ज्योत चालू होती आणि कापड वितळून भोक पडलं. सगळी भरड रसात सांडली. ताटली ठेवली असती तर हे झालं नसतं.

‘अर्धी साखर चोथ्यात राहते’ हा दावा मोजून तपासता येतो. माझं नेहमीचं माप सांगतो: २.३ किलो फिकट माल्ट, १५.५ लिटर पाणी. फिकट माल्टच्या एका किलोतून पूर्ण साखर निघाली तर एक लिटर पाण्याचं विशिष्ट गुरुत्व जवळपास ३०० अंकांनी वाढावं (पाण्याचं १.००० धरतात, आणि एक अंक म्हणजे ०.००१). २.३ किलोचे होतात ६९०. उकळून उरलेल्या साडेदहा लिटर रसाचा हायड्रोमीटरवरचा आकडा माझ्याकडे १.०४७च्या आसपास येतो, म्हणजे ४७ गुणिले साडेदहा, ४९४. हे ७२ टक्के झाले. तीन भांड्यांवर काम करणारे माझे मित्रही ७० ते ७५ टक्क्यांतच असतात. (हायड्रोमीटर म्हणजे दुधाच्या लॅक्टोमीटरचा भाऊ. रस २० अंशांपर्यंत निवल्यावरच वाचावा, गरम रसात आकडा कमी दिसतो.)

चोथा न धुताही एवढी साखर मिळते याचं कारण दळण्यात आहे. तीन भांड्यांच्या पद्धतीत माल्टच्या सालपटांचा थर गाळणीचं काम करतो, म्हणून भरड जाडच ठेवावी लागते. बारीक केली तर रस तुंबतो. इथे गाळणी कापडाची आहे, तेव्हा भरड बारीक चालते आणि पाणी दाण्याच्या आत लवकर पोचतं. दुकानात माल्ट दळून घेताना पिशवीसाठी हवी आहे, दोनदा दळा, असं सांगायचं. एखाद्या वेळी पाच टक्के कमी पडले तर पुढच्या खेपेला दीडशे ग्रॅम माल्ट जास्त घ्यावं, तेवढ्यानं भरून निघतं.

इथे त्या मजकुरातलं एक खरं मान्य करतो. आकडा १.०७०च्या वर न्यायचा असेल, म्हणजे जड, कडक बिअर करायची असेल, तर पिशवीत साखरेचा उतारा घटतो, कारण माल्ट वाढतं आणि पाणी तेवढंच राहतं. २० लिटर करायची तर ओली पिशवी हातानं धरवत नाही, वर हुक आणि कप्पी लागते. म्हणून सुरुवात साध्या पेल एलनं, म्हणजे फिकट माल्टच्या हलक्या बिअरनं, आणि १० लिटरनं करावी.

पिठूळ भागाची साखर झाली की नाही, याची शंका असेल तर शाळेतला प्रयोग आठवा. पांढऱ्या बशीत रसाचा थेंब घ्या, त्यात सालपट येऊ देऊ नका, वर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर अजून पंधरा मिनिटं थांबायचं. रंग बदलला नाही तर काम झालं. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा नववीतल्या प्रयोगशाळेत पुन्हा उभा राहिल्यासारखं वाटलं.

आता पिळण्याचा मुद्दा. हा सगळ्यात जास्त पसरलेला समज आहे आणि याच्यामुळे लोक दोन-दोन लिटर चांगला रस चोथ्याबरोबर फेकून देतात, म्हणून यावर थोडं थांबतो.

आधी शब्द नीट वापरू. मराठीत कडू आणि तुरट वेगळे आहेत, हे आपलं भाग्य. बिअरचा कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमधून येतो आणि तो हवाच असतो. तुरटपणा म्हणजे जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आखडते तो, आणि तो माल्टच्या सालपटातल्या टॅनिनमुळे येतो. टॅनिन रसात केव्हा उतरतं? रसाची आम्लता कमी झाली, म्हणजे सामू (pH) ६च्या जवळ किंवा वर गेला, आणि त्यासोबत तापमान ७७ अंशांच्या वर चढलं, तर. हाताच्या दाबानं यातलं काहीच बदलत नाही. पिशवी पिळल्यावर जो रस येतो तो भांड्यातल्या रसासारखाच असतो, त्याचा सामू तोच आणि तापमान तेच.

हे पटत नसेल तर चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झन शहराकडे पाहा. तिथली पिल्सनर उर्क्वेल ही बिअर १८४२पासून निघते आणि तिच्यासाठी माल्टचा काही भाग सालपटासकट काढून चक्क उकळतात, तेही तीनदा, आणि परत मुख्य भांड्यात मिसळतात. सालपटं उकळूनही ती बिअर जगातल्या सर्वांत मऊ बिअरांमध्ये गणली जाते, कारण घट्ट मिश्रणाचा सामू तेव्हा कमी असतो. ६७ अंशांची पिशवी दोन हातांनी दाबल्यानं जे होईल अशी भीती घातली जाते, ते तिथे उकळूनही होत नाही.

तुरट बिअर झालेल्या माणसाचा अनुभव खोटा नसतो. फक्त कारण वेगळं असतं, आणि ते बहुधा पाणी असतं. पिशवीच्या पद्धतीत सगळं पाणी पहिल्यापासून भांड्यात असतं, एका किलो माल्टला साडेसहा-सात लिटर. तीन भांड्यांत हेच प्रमाण अडीच-तीन लिटर असतं. पाणी जड आणि क्षारयुक्त असेल तर एवढ्या पाण्यापुढे माल्टची आम्लता पुरी पडत नाही आणि सामू वर राहतो. मेलबर्नचं पाणी यारा खोऱ्यातल्या राखीव जंगलांतून येतं आणि फार हलकं आहे, इथे मी १५ लिटरला ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालतो, तेवढं पुरतं. पर्थकडे पाणी जड आहे, तिथे थोडं लॅक्टिक आम्ल घालून सामू ५.२ ते ५.६ मध्ये आणावा लागतो. तेव्हा पाणी तपासा आणि पिशवी खुशाल पिळा. हातमोजे मात्र जाड घाला.

गढूळपणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पिशवीतून बारीक पीठ रसात उतरतं हे खरं. ते उकळताना प्रथिनांबरोबर गोळा होतं, तळाशी बसतं आणि गाळाबरोबर पातेल्यातच राहतं. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ चिमूटभर घालावं, आणि बाटल्या भरण्याआधी फर्मेंटर (निवलेला रस यीस्ट घालून ज्यात आंबवतो ते भांडं) दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा. माझ्या ग्लासातून वर्तमानपत्र वाचता येतं.

‘अख्खा दिवस जातो’ असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्या मागच्या रविवारचा हिशेब. पाणी ७० अंशांपर्यंत तापवायला अर्धा तास. भरड घातली की तापमान आपोआप ६७वर येतं, कारण भरड खोलीच्या तापमानाची असते. गॅस बंद, झाकण, वर जुनी गोधडी, एक तास. तासाभरात एक-दोन अंश उतरतात, त्यानं काही बिघडत नाही. पिशवी उचलून, पिळून उकळी यायला पाऊण तास. मग तासभर उकळ, सुरुवातीला ८ ग्रॅम गॅलेक्सी जातीचे हॉप्स कडवटपणासाठी, शेवटच्या पाच मिनिटांत २० ग्रॅम वासासाठी. पातेलं लाँड्रीच्या टबात बर्फाच्या पाण्यात ठेवून निववायला अर्धा तास, धुण्यापुसण्याला अर्धा. सव्वाचार तास झाले, आणि त्यातला माझा हात दीड तासाहून जास्त गुंतला नव्हता. उरलेल्या वेळात मुलीचा मराठी शाळेचा अभ्यास घेतला.

दहा डब्यांच्या अटीमागचा हेतू मला समजतो. इथे १.७ किलोचा अर्काचा डबा, एक किलो साखर आणि पाणी घालून २३ लिटर बिअर करण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यातून स्वच्छता आणि यीस्टचं तापमान सांभाळणं शिकता येतं, आणि ज्याला त्यात आनंद आहे त्यानं ती करावी. पण या दोन्ही गोष्टी धान्याची बिअर करतानाही त्याच वेळी शिकता येतात. डब्यातला अर्क म्हणजे कारखान्यात असाच भिजवून काढलेला, आटवलेला रस. भिजवणीचं तापमान कारखान्यानं ठरवलेलं असतं. ६५ अंशांवर कोरडी, हलकी बिअर होते आणि ६८ वर गोडसर, भरीव. हा फरक स्वतःच्या जिभेवर कळणं हेच मला या छंदातलं सर्वांत मोठं सुख वाटतं, आणि ते दहा डब्यांनंतरसाठी राखून ठेवायला मी कुणालाही सांगणार नाही.

राहिला डोळे जाण्याचा मुद्दा. हा मुद्दा आपल्या माणसांना लगेच का भिडतो ते मला ठाऊक आहे. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, आणि त्या बातम्या वाचलेल्या कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण ते मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन, कुणीतरी दारूत मिसळलेलं. ते आंबवण्यातून आलेलं नव्हतं. मिथेनॉल आंबवताना तयार होतं ते प्रामुख्यानं फळांतल्या पेक्टिनपासून, आणि सातूत पेक्टिन नगण्य असतं. शिवाय बिअर ऊर्ध्वपातित होत नाही, त्यामुळे काही एकवटत नाही. दारू गाळण्याची भट्टी घरी लावणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ऑस्ट्रेलियातही बेकायदाच आहे. उकळलेला, हॉप्स घातलेला, आम्ल आणि मद्यार्क असलेला हा द्रव रोगजंतूंना मानवत नाही. स्वच्छता कमी पडली तर बिअर आंबट होईल, ओतून द्यावी लागेल.

धोके आहेत, पण त्या मजकुरात ते कुठेच लिहिलेले नाहीत. पंधरा लिटर उकळतं पाणी हा पहिला. मुलं आणि कुत्रा स्वयंपाकघराबाहेर असू द्या, पिशवी उचलताना दुसरं माणूस सोबत घ्या. बाहेर वापरायची गॅसची शेगडी घरात किंवा बंद गॅरेजमध्ये पेटवू नका, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि बाटल्या. यीस्टचं काम संपायच्या आत बिअर बंद केली की वायूच्या दाबानं काच फुटते. १८ ते २० अंशांना साधारण दोन आठवडे लागतात. हायड्रोमीटरचा आकडा दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा घ्या. तो हललेला नसेल तरच लिटरला ७ ग्रॅम साखर मोजून घाला, आणि बिअरच्याच जाड बाटल्यांत भरा.